कोल्हापूरची वाहतूक कॉम्प्युटरवर मांडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, तालमीतले कार्यकर्ते, दुकानदार आणि रोज कावळा नाक्यावर अडकणारे नोकरदार यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथं एकत्र केले आहेत. सगळ्यांची उत्तरं सारख्या लांबीची नाहीत. काही एका परिच्छेदात संपतात, काहींसाठी थोडी आकडेमोड करावी लागते.

वाहतुकीचं सिम्युलेशन म्हणजे नेमकं काय करता?

रस्त्यांचं जाळं कॉम्प्युटरमध्ये उतरवायचं, त्यावर मोजणीत आढळली तेवढी आणि त्याच प्रकारची वाहनं सोडायची, प्रत्येक वाहनाला वागण्याचे नियम द्यायचे आणि घड्याळ चालू करायचं. साधारण दर सेकंदाला (काही मॉडेलांत सेकंदाच्या दहाव्या भागाला) प्रत्येक वाहन पुढचं अंतर बघून वेग वाढवतं, कमी करतं किंवा बाजूला सरकतं. तासाभराची वाहतूक काही मिनिटांत चालवून रांग कुठपर्यंत गेली, सरासरी किती वेळ वाया गेला, कुठल्या चौकानं कुठल्या चौकाला अडवलं, हे मोजता येतं.

याला सूक्ष्म मॉडेल म्हणतात. दुसऱ्या टोकाला स्थूल मॉडेल असतं. त्यात एकेक गाडी नसते, वाहतूक नदीच्या पाण्यासारखी धरून फक्त प्रवाह आणि घनता यांची गणितं सोडवतात. महामार्गाच्या लांब पट्ट्याला स्थूल मॉडेल पुरतं. व्हीनस कॉर्नर किंवा बिंदू चौकासाठी सूक्ष्मच लागतं, कारण तिथं सगळा खेळ वळणाऱ्या गाड्यांचा आणि थांबलेल्या रिक्षांचा असतो.

रस्ता तर रोज डोळ्यांनी दिसतो. मग कॉम्प्युटर कशाला?

कारण रस्त्यावर प्रयोग करणं महाग पडतं. एकेरी वाहतूक लागू करायची, आठवड्यानं लोक ओरडले की रद्द करायची, पुन्हा दुसरी दिशा लावून बघायची, यात लोकांचा वेळ जातो आणि पुढच्या चांगल्या बदलावरचा विश्वासही उडतो. मॉडेलमध्ये तेच चार पर्याय एका दुपारी चालवून बघता येतात. मी जिथं जिथं मॉडेल उपयोगी पडताना पाहिलं, तिथं त्याचा उपयोग 'हा की तो' ठरवायला झाला. 'पुढच्या सोमवारी सकाळी साडेदहाला रांग इतके मीटर असेल' असं भाकीत त्याच्याकडून मागू नये.

गुगल मॅपवर लाल रेघ दिसते, तेवढं पुरत नाही का?

ती रेघ वेग सांगते. किती वाहनं गेली, त्यात किती दुचाकी आणि किती बस, कोण डावीकडं वळलं, यातलं काही ती सांगत नाही. शिवाय आज जे आहे तेवढंच ती दाखवते. सिग्नलची वेळ बदलली तर काय होईल, हे तिला विचारता येत नाही. मॉडेल पडताळायला मात्र तिचा चांगला उपयोग होतो.

कोंडी रस्ता अरुंद असल्यामुळंच होते ना?

अरुंदपणा हे एक कारण. मूळ गणित तीन राशींचं आहे: प्रवाह म्हणजे तासाला किती वाहनं गेली, घनता म्हणजे एका किलोमीटरमध्ये किती वाहनं आहेत, आणि वेग. प्रवाह = घनता × वेग. अमेरिकेत ब्रूस ग्रीनशील्ड्स यांनी ओहायोतल्या रस्त्यांवर कॅमेऱ्यानं फोटो काढून वेग आणि घनता मोजली आणि १९३५ साली या दोन्हींमध्ये सरळ रेषेचं नातं मांडलं: घनता वाढेल तसा वेग उतरतो.

उदाहरणादाखल धरा, मोकळ्या रस्त्यावर वेग ताशी ४० किलोमीटर आणि पूर्ण ठप्प झाल्यावर एका लेनमध्ये किलोमीटरला १५० गाड्या. ग्रीनशील्ड्सच्या नात्यानं जास्तीत जास्त प्रवाह तासाला १५०० गाड्या येतो, आणि तो मिळतो ताशी २० किलोमीटर वेगाला, किलोमीटरमध्ये ७५ गाड्या असताना. गाड्या सर्वांत जोरात पळतात तेव्हा रस्ता सर्वांत जास्त गाड्या नेत नाही. आणि ७५ च्या पुढं एकेक गाडी आत घुसायला लागली की पलीकडं निघणाऱ्या गाड्या कमी कमी होत जातात. चौक भरल्यावरही 'मला तेवढं जाऊ द्या' म्हणून पुढं सरकणारी गाडी मागच्या सगळ्यांचा वेळ का खाते, त्याचं उत्तर इथं आहे. सरळ रेषेचं हे नातं ढोबळ आहे, प्रत्यक्षातली रेघ वाकडीतिकडी असते. पण हा मुद्दा तिच्यामुळं बदलत नाही.

ना अपघात, ना खड्डा, तरी महामार्गावर गाड्या मध्येच थांबतात आणि मग आपोआप सुटतात. का?

१९५५ साली लाइटहिल आणि व्हिटहॅम यांनी आणि १९५६ मध्ये स्वतंत्रपणे रिचर्ड्स यांनी दाखवलं की वाहतुकीत घनतेच्या लाटा पसरतात. गाड्या पुढं जात असतात आणि कोंडीची लाट मागं येत असते, साधारण ताशी १५ ते २० किलोमीटर वेगानं. तुम्ही अडकता तेव्हा कारण घडून गेलेलं असतं आणि ते तुमच्या पुष्कळ पुढं असतं.

कारण मोठं असायलाही लागत नाही. २००८ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग बघा: २३० मीटर परिघाच्या गोल मार्गावर २२ गाड्या, चालकांना एकच सूचना, एकसारख्या वेगानं चालवा. सिग्नल नाही, वळणारं कुणी नाही. थोड्याच वेळात एकाचा पाय ब्रेकवर किंचित जास्त पडला, मागच्यानं त्याहून जास्त दाबला, आणि चार-पाच गाड्या पूर्ण थांबल्या. ती थांबलेली गाठ मग गाड्यांच्या उलट दिशेनं फिरत राहिली. शिरोली नाक्याच्या अलीकडं अचानक थांबून पुढं काहीच न दिसणं हे याच जातीचं असू शकतं.

कॉम्प्युटरमधली गाडी चालते कशी? तिला ड्रायव्हरचं डोकं कुठून येतं?

सर्वांत सोपं मॉडेल १९९२ साली नागेल आणि श्रेकेनबर्ग या दोन जर्मन संशोधकांनी दिलं. रस्त्याचे साडेसात मीटरचे कप्पे करायचे. एका कप्प्यात एक गाडी, आणि वेग म्हणजे सेकंदाला किती कप्पे पुढं जायचं तो आकडा. दर सेकंदाला चार गोष्टी, याच क्रमानं:

जमत असेल तर वेग एकानं वाढव. पुढच्या गाडीपर्यंत जेवढे मोकळे कप्पे आहेत त्याहून जास्त वेग ठेवू नकोस. अधूनमधून, ठरावीक शक्यतेनं, विनाकारण वेग एकानं कमी कर. आणि आता तेवढे कप्पे पुढं जा.

तिसरा नियम काढून टाका, वाहतूक घड्याळासारखी सुरळीत चालते. तो ठेवा, की गर्दी वाढल्यावर वर सांगितलेल्या लाटा आपोआप उमटतात. माणसाची थोडीशी अनियमितता एवढ्यानं सगळं उभं राहतं. पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा येणाऱ्या मुलानं हे पन्नासेक ओळींत लिहून बघावं. पुस्तकातली दहा पानं वाचून जे कळत नाही ते पडद्यावर लाट मागं सरकताना बघून कळतं.

व्यवसायात वापरली जाणारी मॉडेलं पुढच्या गाडीचा वेग, मधलं अंतर आणि आपली प्रतिक्रिया देण्याची वेळ यांवरून सुरक्षित वेग काढतात. गिप्स यांचं १९८१ चं मॉडेल, वीडेमान यांचं १९७४ चं आणि क्राउस यांचं १९९८ चं ही त्यातली नेहमी भेटणारी नावं.

पण आपल्याकडं लेन कोण पाळतं? जर्मनीतलं मॉडेल कोल्हापुरात चालेल का?

जसंच्या तसं नाही. हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो आणि तो अगदी रास्त आहे.

वर सांगितलेली मॉडेलं 'एका लेनमध्ये एकामागं एक' असं धरून चालतात. राजारामपुरीच्या मेन रोडवर बघा. चारचाकीच्या दोन्ही बाजूंनी दुचाकी, मध्ये रिक्षा तिरकी, कडेला वडाप (प्रवासी नेणारी जीप) थांबलेलं, आणि त्या सगळ्यांतून रस्ता ओलांडणारी माणसं. इथं वाहनाला पुढचं अंतर पुरत नाही, आजूबाजूची जागाही बघावी लागते. म्हणून आपल्याकडं तीन बदल करावे लागतात.

पहिला, रस्ता अरुंद पट्ट्यांत तोडायचा. सुमो या मोफत सॉफ्टवेअरमध्ये लेनचे उपपट्टे करायची सोय आहे. त्यात दोन दुचाकी शेजारी-शेजारी चालू शकतात आणि बसच्या कडेनं पुढं सरकू शकतात. विसिम या विकतच्या सॉफ्टवेअरमध्येही एकाच लेनमध्ये ओव्हरटेक करायची मुभा देता येते.

दुसरा, घनता मोजायची पद्धत. किलोमीटरमध्ये किती वाहनं, या आकड्याला मिश्र वाहतुकीत फारसा अर्थ उरत नाही, कारण शंभर दुचाकी आणि शंभर बस सारख्या कशा? त्याऐवजी रस्त्याच्या क्षेत्रफळाचा किती भाग किती वेळ व्यापला गेला, हे मोजणं जास्त खरं ठरतं.

तिसरा बदल सिग्नलचा. बाहेरच्या पुस्तकांत लिहिलेलं असतं की हिरवा लागल्यावर पहिल्या काही सेकंदांत कमी गाड्या सुटतात, कारण चालकांना दखल घ्यायला वेळ लागतो. आपल्याकडं लाल असतानाच दुचाक्या फटीफटीतून पुढं येऊन थांबारेषेवर, बऱ्याचदा तिच्याही पुढं, गोळा होतात आणि हिरवा लागताच एकदम सुटतात. पहिल्या सेकंदांतच सर्वांत जास्त वाहनं जातात. हे मॉडेलमध्ये घातलं नाही तर हिरव्या वेळेचा हिशेब चुकतो.

पीसीयू म्हणजे काय? दुचाकी 'अर्धी गाडी' कशी?

वेगवेगळी वाहनं एकाच मापात आणण्यासाठी प्रत्येक वाहन किती कारइतकं, हे ठरवलेलं असतं. त्या मापाला पीसीयू (पॅसेंजर कार युनिट) म्हणतात. भारतीय रस्ते काँग्रेसच्या १९९० च्या शहरी रस्त्यांच्या मार्गदर्शिकेत दुचाकीला ०.५ ते ०.७५, रिक्षाला १.२ ते २, ट्रक-बसला २.२ ते ३.७ आणि ट्रॅक्टर-ट्रेलरला ४ ते ५ असे आकडे आहेत. त्या प्रकारच्या वाहनांचं एकूण वाहतुकीतलं प्रमाण वाढलं की वरचा आकडा घ्यायचा. २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेनं भारतीय रस्त्यांच्या क्षमतेची स्वतंत्र पुस्तिका काढली, इंडो-एचसीएम. नवं काम करणाऱ्यानं ती समोर ठेवावी.

पीसीयू हाताच्या गणिताला उत्तम आहे. पण तो स्थिर आकडा आहे, आणि वाहनाचा त्रास स्थिर नसतो. याचं आपल्याकडचं सर्वांत ठळक उदाहरण पुढच्या प्रश्नात आहे.

उसाच्या ट्रॅक्टरमुळं सगळं अडतं, हे खरं की उगाच आरोप?

खरं आहे, पण दोष त्या ट्रॅक्टरवाल्याचा नाही. ऊस वेळेत कारखान्यात गेला नाही तर त्याचं वजन घटतं, साखरेचा उतारा घटतो. त्याला जायचंच आहे, आणि जिल्ह्याचं अर्थकारण त्या ट्रॉलीत आहे. हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होऊन साधारण मार्चपर्यंत चालतो. कसबा बावड्याचा राजाराम कारखाना तर शहरालाच लागून आहे. कुडित्रे, परिते या बाजूंची वाहतूक फुलेवाडी आणि राधानगरी रस्त्यावर उतरते.

आता गणित. दुपदरी रस्ता, समोरून सतत वाहनं, त्यामुळं ओव्हरटेक करता येत नाही असं धरा. त्या दिशेला तासाला ३०० वाहनं, त्यांचा मोकळा वेग ताशी ४०. मध्ये दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर ताशी १५ नं चाललाय. ३०० ला ४० नं भागा: किलोमीटरमध्ये साडेसात वाहनं. वेगातला फरक २५. म्हणजे तासाला साधारण १८८, मिनिटाला तीनाहून थोडी जास्त वाहनं येऊन ट्रॅक्टरच्या मागं लागतात. पाच किलोमीटर जायला त्याला वीस मिनिटं लागतात. तोवर मागं निदान ६० वाहनांची माळ झालेली असते. दुचाकी निसटतात, म्हणून प्रत्यक्षात ती कमी दिसते, पण उरतात त्या कार, एसटी आणि टेम्पो, म्हणजे जास्त जागा घेणारीच वाहनं.

खरा दणका त्यानंतर बसतो. ही माळ फुटून विखुरलेली येत नाही, ती एकगठ्ठा पहिल्या सिग्नलवर आदळते. तासाभराच्या सरासरीत तो चौक क्षमतेच्या आत दिसेल आणि तरी रोज दोनदा-तीनदा तुंबेल. पाच पीसीयू हा आकडा यातलं काहीच सांगत नाही. ट्रॅक्टर कुठल्या रस्त्यावर, किती वाजता आणि किती किलोमीटर चालला यावर सगळं ठरतं. सूक्ष्म मॉडेल इथंच पैसे वसूल करतं. ट्रॅक्टरनी सकाळी ९ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ८ शहराबाहेरच्या तळावर थांबायचं, की दर दोन-तीन किलोमीटरला बाजूला घ्यायला जागा करून द्यायची, की त्यांना शिये फाट्याकडून आणायचं, हे तीनही पर्याय चालवून बघता येतात. माझा कल बाजूला घ्यायच्या जागांकडं आहे. थांबवून ठेवलेले ट्रॅक्टर वेळ संपल्यावर एकदम सुटतात आणि दुसरीच गर्दी तयार होते.

मोजणी कशी करायची?

कामाचा अर्ध्याहून जास्त भाग हाच आहे. सॉफ्टवेअर शिकायला महिना पुरतो. चांगली मोजणी करायला चिकाटी लागते, आणि ती नसेल तर पडद्यावर हलणाऱ्या गाड्या म्हणजे नुसतं चित्र.

चौकाच्या प्रत्येक बाजूनं येणाऱ्या वाहनांची सरळ, डावीकडं, उजवीकडं अशी वेगळी नोंद हवी. दर १५ मिनिटांची वेगळी, आणि वाहनांच्या प्रकारानुसार वेगळी. दाभोळकर कॉर्नरसारख्या ठिकाणी एका बाजूला दोन माणसंही कमी पडतात, म्हणून एखाद्या गच्चीवरून मोबाइलनं चित्रण करून नंतर संथ गतीनं मोजणं बरं. हल्ली चित्रणातून वाहनं ओळखणारी प्रोग्रॅम मिळतात, पण एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या दुचाकी ती हमखास एक धरतात. निदान एक तास हातानं मोजून ताडून बघितल्याशिवाय त्यांचा आकडा घेऊ नका.

आणि एक गोष्ट, जी मी प्रत्येक नव्या तुकडीला सांगतो. थांबारेषेवर उभं राहून मोजलं तर जी वाहनं *गेली* ती मोजली जातात. चौक तुंबलेला असेल तर तो आकडा चौकाच्या क्षमतेचा आहे, मागणीचा नाही. मागं रांग वाढतेच आहे, ती कुणी मोजलीच नाही. अशा आकड्यांवर मॉडेल उभं केलं तर त्यात कोंडीच दिसत नाही आणि मग 'चौक ठीक आहे' असा निष्कर्ष निघतो. म्हणून रांगेच्या शेपटीला दुसरा माणूस उभा करायचा. शेपूट हलेल तसं त्यानंही हलायचं. रांगेत येऊन लागणाऱ्या गाड्या हीच खरी मागणी.

दिवस निवडतानाही बघा. मंगळवार आणि शुक्रवार अंबाबाईच्या दर्शनाचे, रविवारी पर्यटक, शाहू स्टेडियमवर मोठा फुटबॉल सामना असेल तर आसपासचं सगळंच बदलतं. बुधवार-गुरुवार साध्या दिवसासाठी बरे. ऊस हंगामातली मोजणी आणि जूनमधली मोजणी एकत्र मिसळू नका.

सिग्नलची वेळ कशी ठरवतात?

ब्रिटनच्या वेबस्टर यांचं १९५८ चं सूत्र अजून वापरतात. पूर्ण चक्राची योग्य लांबी = (१.५ × वाया जाणारा वेळ + ५) ÷ (१ − भार). चक्र म्हणजे सगळ्या बाजूंना एकेकदा हिरवा मिळून जायचा वेळ, आणि टप्पा म्हणजे त्यातली एक पाळी. वाया जाणारा वेळ म्हणजे दिशा बदलताना कुणालाच वापरता न येणारे सेकंद. भार म्हणजे प्रत्येक टप्प्यात येणारा प्रवाह भागिले त्या बाजूनं सतत हिरवा दिला तर सुटू शकणारा प्रवाह, या सगळ्यांची बेरीज.

चार टप्पे, प्रत्येकी ४ सेकंद वाया, म्हणजे १६. भार ०.७५. चक्र येतं २९ ÷ ०.२५ = ११६ सेकंद. जमण्यासारखं आहे.

आता एका बाजूनं, सिग्नलच्या तोंडालाच, एक कार लावून कुणीतरी दुकानात गेलं. त्या बाजूचा ९ मीटर रस्ता ७ मीटर उरला. भारतीय पद्धतीत रुंदीच्या दर मीटरला तासाला ५२५ पीसीयू सुटतात असा जुना ठोकताळा आहे. ४७२५ वरून ३६७५. त्या बाजूचा भार ०.२५ होता, तो ०.३२ झाला. एकूण ०.८२. चक्र गेलं १६० सेकंदांच्या पुढं. दोन सेकंदांत लावलेल्या एका गाडीनं चारही बाजूंच्या प्रत्येक माणसाची वाट बघायची वेळ वाढवली. भार ०.९ ला पोचला तर सूत्र २९० सेकंद मागतं आणि तिथं सिग्नलचा अर्थच संपतो.

म्हणून एखादा चौक सुधारायला घेतला की मी आधी त्याच्या तोंडाचे पन्नास मीटर बघतो. रिक्षा थांबा तिथं आहे का, केएमटीचा, म्हणजे शहर बसचा, थांबा चौकाच्या अलीकडं आहे की पलीकडं, हातगाड्या कुठं उभ्या आहेत. मॉडेलमध्ये बस थांबा चौकाच्या पलीकडं साठ-सत्तर मीटरवर सरकवून बघा. सिग्नलच्या वेळेशी तासन्‌तास झटापट करून जे मिळत नाही ते बऱ्याचदा इथं मिळतं. रिक्षावाल्यांना हटवायचं असा याचा अर्थ कुणी घेऊ नये. त्यांना चांगली जागा तिथंच जवळ दिली तरच ते तिथून हलतील, आणि ती जागा कुठं बसते हेही मॉडेल दाखवू शकतं.

उड्डाणपूल बांधला की प्रश्न मिटेल ना?

त्या जागेचा मिटेल. पुढचा चौक तेवढी वाहनं घेऊ शकतो का, हे विचारा. तावडे हॉटेलकडून येणारा प्रवाह कावळा नाक्यावर मोकळा केला आणि दाभोळकर कॉर्नर, व्हीनस कॉर्नर, दसरा चौक आहेत तसेच राहिले, तर रांग एक चौक पुढं सरकते. एका चौकाचं वेगळं मॉडेल करून पूल मंजूर करणं म्हणूनच धोक्याचं; निदान पुढचे तीन-चार चौक मॉडेलमध्ये हवेत.

दुसरी गोष्ट गणितातली आहे. डिट्रिश ब्रेस यांनी १९६८ मध्ये दाखवलं की जाळ्यात एक नवा रस्ता जोडल्यानं सगळ्यांचाच प्रवास लांबू शकतो, कारण प्रत्येकजण स्वतःपुरता जवळचा मार्ग निवडतो आणि सगळे एकाच चिंचोळ्या जागी येऊन मिळतात. उलट बाजूचं उदाहरण सोलचं: तिथं २००३ ते २००५ मध्ये शहराच्या मधोमध असलेला उन्नत रस्ता पाडून खालचा ओढा मोकळा केला, आणि शहर ठप्प झालं नाही.

नवरात्रात आणि विसर्जन मिरवणुकीत मॉडेल काय करणार?

नवरात्रात बाहेरगावची गाडी शहरात शिरते तेव्हा तिचा खरा प्रश्न पार्किंगचा असतो. समजा २०० गाड्यांचा तळ आहे आणि दर्शन, जेवण, खरेदी धरून एक गाडी सरासरी तीन तास थांबते. तळ भरल्यावर तो तासाला फक्त ६७ गाड्या घेऊ शकतो, कारण तेवढ्याच बाहेर पडतात. तासाला १५० येत असतील तर उरलेल्या ८३ गाड्या भाऊसिंगजी रोड, गुजरी, मिरजकर तिकटी अशा घिरट्या घालत राहतात. या गाड्या कुठंच पोचत नाहीत आणि रस्ता मात्र भरतात. तळ शहराबाहेर, तिथून दर काही मिनिटांनी केएमटी, हा पर्याय मॉडेलमध्ये नेहमी चांगला ठरतो. फक्त बसची फेरी खरंच तितक्या मिनिटांत पूर्ण होईल असा रस्ता तिला राखून द्यावा लागतो, नाहीतर तीही त्याच गर्दीत अडकते.

महाद्वार रोडवरची मिरवणूक हा वाहनांचा विषय नाही, माणसांचा आहे. त्यासाठी वेगळी मॉडेलं आहेत. हेल्बिंग आणि मोल्नार यांनी १९९५ मध्ये मांडलेलं मॉडेल माणसांमधल्या ओढीला आणि टाळाटाळीला बलाची रूपं देतं. दर चौरस मीटरला चार-पाच माणसांच्या पुढं घनता गेली की माणसाला स्वतःच्या मनानं हलता येत नाही. तिथं वेळ वाचवणं हा हेतूच नसतो, जीव वाचवणं हा असतो. गल्ल्यांची तोंडं बाहेर पडायला मोकळी आहेत का, हे सर्वांत आधी बघायचं.

पुरात याचा काही उपयोग?

२०१९ आणि २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि पुणे-बेंगळुरू वाहतूक थांबली. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पाणी चढेल तसे रस्ते एकेक करून जातात: शियेचा, पन्हाळा-रत्नागिरीकडचा, मग महामार्ग. मॉडेलमध्ये हाच क्रम लावून रस्ते बंद करायचे आणि उरलेल्या जाळ्यात दूध, पाणी, गॅस आणि रुग्णवाहिका कुठून कुठं पोचू शकतात हे बघायचं. मला यातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते वेळेचं गणित. एखाद्या गावातून लोक, जनावरं आणि ट्रॅक्टर एकाच रस्त्यानं बाहेर पडणार असतील तर त्यांना किती तास लागतात, हे आधी काढून ठेवलं तर निघायला कुठल्या पातळीला सांगायचं हे ठरवता येतं. जनावरं सोडून लोक निघत नाहीत, म्हणून मॉडेलमध्ये जनावरं वाहणारे टेम्पो धरलेच पाहिजेत.

मॉडेल खरं बोलतंय हे कसं ओळखायचं?

एका दिवसाच्या मोजणीवर ते जुळवायचं आणि दुसऱ्या दिवसाच्या मोजणीवर पडताळायचं. ज्या आकड्यांवर जुळवलं त्यांच्यावरच तपासणं ही पडताळणी नव्हे.

प्रवाह ताडायला जीईएच नावाचं माप आहे: फरकाचा वर्ग दुप्पट करायचा, त्याला दोन्ही आकड्यांच्या बेरजेनं भागायचं आणि वर्गमूळ काढायचं. मोजणी ५००, मॉडेल ५६० असेल तर उत्तर २.६, ५ च्या आत, चालेल. मोजणी २०, मॉडेल ६० असेल तर ६.३, फरक नुसता ४० चा असूनही नापास. ८५ टक्के ठिकाणी ५ च्या आत असावं, असा संकेत आहे. पण प्रवाह जुळला म्हणून थांबू नका. रांगेची लांबी आणि प्रवासाचा वेळही जुळला पाहिजे.

मॉडेलमध्ये नशिबाचा भाग असतो, म्हणून वेगवेगळ्या बीजांकांनी (नशिबाचे आकडे कुठून सुरू होतील ते ठरवणारा अंक) निदान दहा वेळा चालवून सरासरी आणि निकाल किती पसरले, हे दोन्ही सांगायचं. एकाच फेरीचा व्हिडिओ दाखवून कुणी पुलाचं समर्थन करत असेल तर बाकीच्या फेऱ्या मागा.

कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं?

शिकायला सुमो. जर्मनीच्या अंतराळ संस्थेनं तयार केलेलं, मोफत, आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. ओपनस्ट्रीटमॅपवरून कोल्हापूरचा नकाशा थेट उतरवता येतो. तीन गोष्टी लगेच तपासा. डावीकडून चालायची सेटिंग लावली आहे का, नाहीतर सगळं शहर उजवीकडून चालतं. नकाशातले एकेरी मार्ग प्रत्यक्षाशी जुळतात का, हे पायी फिरून बघा. आणि सुमोमध्ये पाच मिनिटं अडकून पडलेलं वाहन आपोआप उचलून पुढं ठेवलं जातं, हे लक्षात असू द्या. चौक पूर्ण तुंबलेला असताना गाड्या अशा गायब होत राहतात आणि निकाल छान दिसतो. फेरी संपल्यावर अशी किती वाहनं उचलली गेली याची नोंद वाचल्याशिवाय एकही आकडा लिहू नका.

विसिम आणि एमसन ही विकतची, सल्लागार कंपन्यांच्या वापरातली. संपूर्ण शहरातल्या माणसांचा दिवसभराचा प्रवास मांडायचा असेल तर मॅटसिम.

सिग्नल स्वतःच गर्दी ओळखून वेळ बदलतील, मग मॉडेलची गरज काय?

असे सिग्नल नवे नाहीत. सिडनीची स्कॅट्स आणि ब्रिटनची स्कूट या प्रणाली काही दशकं चालू आहेत. भार क्षमतेच्या आत असताना त्या वेळ छान वाटून देतात. वाटायला वेळच उरला नाही तर त्याही काही करू शकत नाहीत. शिवाय त्यांना वाहनं ओळखणारी यंत्रणा लागते आणि ती लेनमध्ये चालणाऱ्या गाड्या धरून बसवलेली असते. आपल्या चौकात बसवण्याआधी आपल्याच वाहतुकीच्या मॉडेलवर चाचणी घ्या.

आम्ही कॉलेजची मुलं आहोत. पहिलं काम कुठलं घ्यावं?

सिग्नल नसलेला एक तिठा घ्या, बिंदू चौक नको. दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास, प्रकारवार आणि वळणवार मोजणी. रस्त्याची रुंदी टेपनं मोजा, पार्किंग वगळून जेवढी खरंच वापरात आहे तेवढीच. सुमोत मांडा, एका दिवसावर जुळवा, दुसऱ्या दिवसावर ताडा. मग एकच बदल करा, कडेचं पार्किंग तीस मीटर मागं न्या, आणि दहा फेऱ्यांचा फरक काढा. तो कागद घेऊन तिथल्या दुकानदारांकडं जा. गिऱ्हाईक गाडी लावणार कुठं, हे ते विचारतीलच. त्या जागेसह दुसरा पर्याय चालवून पुन्हा जा. मोजणीच्या कच्च्या नोंदी मात्र टाकू नका. तारीख, वार, हवामान आणि जवळपास काही कार्यक्रम होता का, हे प्रत्येक पानावर लिहून जपून ठेवा. पुढच्या वर्षीच्या तुकडीला त्याच तिठ्यावर तुलनेला त्याच लागतील.